पेशीतील पोथी : एका रूपकाचा इतिहास

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आपण जी परिभाषा वापरतो, ती जवळजवळ शब्दशः जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतही वापरली जाते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांच्या लक्षात सहसा येत नाही. डीएनए या रेणूची 'प्रत' निघते. त्यातील एखाद्या भागाचे आरएनएमध्ये 'प्रतिलेखन' होते. त्या प्रतिलेखाचे प्रथिनांच्या भाषेत 'भाषांतर' होते. नकलेत चुका होतात, त्या दुरुस्त करणाऱ्या विकरांच्या कामाला 'मुद्रितशोधन' म्हणतात. काही बदलांनी अर्थ पालटतो, काहींनी वाक्य मध्येच तुटते आणि ते 'निरर्थक' ठरते. जनुकाचे कार्य प्रत्यक्षात प्रकट होण्याला तर 'अभिव्यक्ती' हाच शब्द आहे. लेखन, वाचन, नक्कल, भाषांतर, अभिव्यक्ती हे सारे आपल्या घरचे शब्द. ते पेशीच्या केंद्रकात कसे जाऊन बसले, तेथे त्यांनी काय साधले आणि कोठे दिशाभूल केली, याचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आम्ही जीवशास्त्राचे अभ्यासक नाही. परंतु एखादे रूपक कोठून आले, ते केव्हा रूढ झाले आणि रूढ झाल्यावर आपल्याला ते रूपक आहे याचाच विसर कसा पडला, हे प्रश्न मुळात साहित्याभ्यासाचे आहेत. मम्मटाच्या भाषेत सांगायचे तर मुख्यार्थाला बाध येतो, काही संबंध असतो आणि काही प्रयोजन असते तेव्हा लक्षणा संभवते. पण प्रयोजनवती लक्षणा कालांतराने रूढा होते आणि मग मुख्यार्थबाध कोणाला जाणवेनासा होतो. 'जीवनाचा ग्रंथ' या रूपकाचे असेच झाले. विशेष म्हणजे हे रूपक रचण्यात आणि पुन्हा पुन्हा मोडण्यात एकाच गोष्टीचा सर्वांत मोठा वाटा आहे, ती म्हणजे विषाणू.

१. 'कोड' या शब्दाचा प्रवेश

फेब्रुवारी १९४३ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात एर्विन श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाने 'जीवन म्हणजे काय?' या विषयावर व्याख्याने दिली आणि १९४४ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. आनुवंशिकतेचे द्रव्य कोणते, हे तेव्हा निश्चित नव्हते. श्रोडिंगरने तर्क केला, की ते द्रव्य एखाद्या अनियमित स्फटिकासारखे असले पाहिजे आणि त्याच्या रचनेत सगळ्या देहाचा आराखडा सांकेतिक लिपीत असला पाहिजे. मोजक्या खुणांतून असंख्य संदेश कसे निर्माण होऊ शकतात, हे सांगण्यासाठी त्याने मोर्सच्या तारायंत्राच्या लिपीचा दाखला दिला. त्याच्या मते ही लिपी म्हणजे विधिसंहिता आणि तिची अंमलबजावणी करणारी सत्ता, अशी दोन्ही एकत्र होती.

इंग्रजी 'कोड' या शब्दात कायदा आणि गुप्तलिपी असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत पहिल्यासाठी आपल्याकडे 'संहिता' आहे आणि दुसऱ्यासाठी 'संकेत'. 'संहिता' म्हटले की दंडसंहिता आठवते, वेदसंहिता आठवते, नाटकाची संहिता आठवते. म्हणजे जे स्थिर, प्रमाण आणि पाळावयाचे आहे ते. 'संकेत' हा शब्द मात्र आपल्या काव्यशास्त्रात फार काटेकोर आहे : अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा अशी जी योजना, तो संकेत, आणि अभिधेचा सारा व्यवहार त्यावर चालतो. इंग्रजीत एका शब्दात मिसळलेल्या या दोन अर्थांनी पुढे बराच घोटाळा केला. मराठीत 'जनुकीय संकेत' म्हणण्याची सोय आहे, ती आपण जपावी असे आम्हाला वाटते.

ज्या वर्षी श्रोडिंगरचे पुस्तक आले, त्याच वर्षी ऑस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी न्यूमोनियाच्या जीवाणूंवरील प्रयोगातून दाखवले, की गुणधर्म एका जीवाणूतून दुसऱ्यात नेणारे द्रव्य प्रथिन नसून डीएनए आहे. अनेकांना ते पटले नाही, कारण चारच घटकांचा बनलेला रेणू त्यांना फार साधा वाटत होता. १९५२ मध्ये आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूवर प्रयोग केला. विषाणूच्या प्रथिनांच्या कवचाला किरणोत्सारी गंधकाची आणि आतील डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरसची खूण केली, विषाणू जीवाणूंवर सोडले आणि स्वयंपाकघरातील मिक्सरसारख्या यंत्रात ते मिश्रण घुसळले. कवच बाहेर राहिले. आत शिरले ते मुख्यतः डीएनए, आणि त्यातूनच नवे विषाणू जन्मले. पाकीट दारातच पडले आणि पत्र घरात गेले, असे वर्णन करण्याचा मोह कोणालाही व्हावा! पाकीट आणि पत्र, वेष्टन आणि मजकूर ही विभागणी येथे प्रथम स्पष्ट झाली.

२५ एप्रिल १९५३ रोजी जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांचा दुहेरी सर्पिलाचा लेख 'नेचर'मध्ये आला. त्यामागे रोझालिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात घेतलेली क्ष-किरण छायाचित्रे होती, आणि अ‍ॅडेनीन व थायमीन, तसेच ग्वानीन व सायटोसीन यांचे प्रमाण समसमान असते हे एर्विन चारगाफचे निरीक्षणही होते. ३० मे रोजी आलेल्या दुसऱ्या लेखात वॉटसन आणि क्रिक यांनी घटकांचा क्रम हा आनुवंशिक माहिती वाहणारा संकेत असावा, असे म्हटले. तत्पूर्वी १९ मार्चला क्रिकने आपल्या बारा वर्षांच्या मुलाला पाठवलेल्या पत्रातही ही कल्पना अक्षरांच्या क्रमाची तुलना देऊन समजावली होती. फ्रँकलिन त्यानंतर बर्कबेक कॉलेजात गेली आणि १९५८ मध्ये सदतिसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत तंबाखूच्या पानांवर केवडा पाडणाऱ्या विषाणूच्या रचनेवर काम करत राहिली.

२. सुंदर आणि चूक

डीएनएत चार अक्षरे, प्रथिनांत वीस अमिनो आम्ले. चारांतून वीस कसे साधावेत? दोन-दोन अक्षरांचे गट केले तर सोळाच होतात, तीन-तीन अक्षरांचे केले तर चौसष्ट. १९५४ मध्ये जॉर्ज गॅमॉव्ह या भौतिकशास्त्रज्ञाने पहिला तोडगा सुचवला आणि वीस अमिनो आम्लांसाठी वीस सदस्यांचा 'आरएनए टाय क्लब' काढला. युद्धकाळात गुप्तलिप्या फोडण्याच्या कौशल्याला आलेली प्रतिष्ठा, १९४८ मध्ये क्लॉड शॅनन आणि नॉर्बर्ट वीनर यांनी मांडलेले माहितीचे सिद्धान्त, ही त्या काळाची हवा होती. विज्ञानाच्या इतिहासकार लिली के यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हीच बाजू सविस्तर मांडली आहे : जनुकाला 'मजकूर' म्हणणे हे निसर्गाने लादलेले नव्हते, त्यामागे एका विशिष्ट काळाची भाषा होती.

पुढचा प्रश्न आपल्या पोथ्यांच्या वाचकाला सहज कळेल. जुन्या हस्तलिखितांत शब्द न तोडता सलग लिहिले जात आणि पदच्छेद वाचकाने करायचा असे. डीएनएतही दोन शब्दांत मोकळी जागा नाही. मग तीन अक्षरांचा शब्द नेमका कोठे सुरू होतो, हे पेशीला कसे कळते? १९५७ मध्ये क्रिक, जॉन ग्रिफिथ आणि लेस्ली ऑर्गेल यांनी एक विलक्षण देखणे उत्तर दिले. समजा, काही त्रिके सार्थ आहेत आणि उरलेली निरर्थक, आणि योजना अशी आहे की चुकीच्या जागी पदच्छेद केला तर निरर्थक त्रिकच हाती लागेल. मग एकच अक्षर तीनदा येणारी चार त्रिके आधीच बाद होतात. उरली साठ. ती चक्राकार फिरवून होणाऱ्या तिघा-तिघांच्या गटांत मोडतात आणि प्रत्येक गटात एकच त्रिक सार्थ असू शकते. साठ भागिले तीन, वीस! नेमकी अमिनो आम्लांची संख्या.

इतके सुंदर उत्तर खोटे कसे असेल? पण ते खोटे होते. २७ मे १९६१ रोजी अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्शल नीरेनबर्ग आणि हाइनरिख मॅथाय यांनी पेशींच्या अर्कात केवळ युरॅसिल या एकाच घटकाची माळ असलेला कृत्रिम आरएनए घातला, आणि त्यातून फिनाइलअ‍ॅलानिन या एकाच अमिनो आम्लाची साखळी तयार झाली. जे त्रिक सिद्धान्ताने पहिल्याच पायरीला निरर्थक ठरवले होते, तेच सर्वप्रथम सार्थ ठरले. ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत नीरेनबर्गने हे मूठभर श्रोत्यांपुढे सांगितले. बातमी कळताच क्रिकने मोठ्या सभेपुढे त्याचे पुन्हा व्याख्यान घडवून आणले.

त्याच वर्षाच्या अखेरीस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा एका जीवाणूभक्षी विषाणूच्या साहाय्याने पदच्छेदाचा प्रश्न सोडवला. मजकुरात एक अक्षर घुसडले तर पुढचे सारे वाचन बिघडते. दोन घुसडली तरी बिघडते. तीन घुसडली तर मधला थोडा भाग सोडून वाचन पुन्हा ताळ्यावर येते. म्हणजे शब्द तीन अक्षरांचे आहेत आणि वाचन एका ठरलेल्या जागेपासून तीन-तीन मोजत चालते. कोणतीही गणिती शोभा तेथे नव्हती.

उरलेल्या त्रिकांचे अर्थ लावण्यात हरगोविंद खोराना यांचा वाटा मोठा आहे. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील रायपूर या खेड्यात १९२२ मध्ये जन्मलेले, लाहोरला शिकलेले आणि अखेरीस अमेरिकेत स्थिरावलेले खोराना हे रसायनाचे कारागीर होते. ठरावीक क्रमाने पुनरावृत्त होणारे आरएनए त्यांनी प्रयोगशाळेत रचले. दोन अक्षरे आलटून पालटून येणाऱ्या माळेतून दोन अमिनो आम्ले आलटून पालटून येतात, अशा पडताळ्यांतून १९६६ पर्यंत कोष्टक पूर्ण झाले : चौसष्टांपैकी एकसष्ट त्रिके अमिनो आम्लांची, तीन पूर्णविरामाची. १९६८ चे नोबेल खोराना, नीरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना मिळाले. पूर्णविरामाच्या एका त्रिकाला 'अंबर' हे नाव मिळाले, ते हॅरिस बर्नस्टाइन या विद्यार्थ्याच्या आडनावामुळे. जर्मनमध्ये 'बर्नस्टाइन' म्हणजे अंबर हा पिवळा खडा. शब्दव्युत्पत्तीच्या अभ्यासकांनी हा दाखला टिपून ठेवावा.

या कथेतून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. गुप्तलिपीचे रूपक नसते तर 'कोणते त्रिक कोणत्या आम्लाचे' हा प्रश्नच कोणी विचारला नसता. परंतु उत्तर मिळाले ते लिपी फोडणाऱ्या बुद्धिमंतांना नव्हे, तर परीक्षानळीत अर्क ढवळणाऱ्या रसायनतज्ज्ञांना. रूपकाने प्रश्न दिला. उत्तर देण्याचे सामर्थ्य त्यात नव्हते.

३. संदर्भ आणि अभिव्यक्ती

यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत जवळजवळ एकच मजकूर असतो. मग एक यकृताची आणि दुसरी मेंदूची का? या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मिळाले. झाक मोनो हा दुग्धशर्करा मिळाली तरच ती पचवणारे विकर तयार करणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास करत होता. त्याच इमारतीत आंद्रे ल्वॉफ आणि फ्रान्स्वा झाकोब हे जीवाणूच्या गुणसूत्रात निमूटपणे दडून बसणाऱ्या आणि अतिनील किरण पडताच जागे होणाऱ्या विषाणूचा अभ्यास करत होते. १९५८ च्या उन्हाळ्यात झाकोबच्या ध्यानात आले, की शर्करेची वाट पाहणारे जनुक आणि दडून बसलेला विषाणू यांची कथा एकच आहे : दोन्हीकडे एक दमनकारी रेणू मजकुराच्या आरंभी बसून वाचन थांबवतो. १९६१ मध्ये झाकोब आणि मोनो यांनी हा सिद्धान्त मांडला. मजकुराची तात्पुरती नक्कल घेऊन जाणारा 'संदेशवाहक' आरएनए ही कल्पनाही त्याच वर्षी सिद्ध झाली, आणि तिचा निर्णायक प्रयोग पुन्हा विषाणूग्रस्त जीवाणूंवरच झाला.

येथे रूपकाचा तोल बदलतो. अर्थ केवळ अक्षरांत नसून प्रकरण, स्थळ, काळ, सान्निध्य यांवर अवलंबून असतो, हे भर्तृहरीने वाक्यपदीयात यादी देऊन सांगितले आहे. 'अभिव्यक्ती' हा शब्दही येथे अधिक सूचक ठरतो. भट्ट लोल्लटाचा उत्पत्तिवाद आणि अभिनवगुप्ताचा अभिव्यक्तिवाद यांतील वाद विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. जनुक गुण 'उत्पन्न' करते, असे म्हणणे हा एका अर्थी लोल्लटाचा पक्ष. अनुकूल सामग्री जुळली असता तो गुण 'अभिव्यक्त' होतो, असे म्हणणे पेशीतील व्यवहाराच्या अधिक जवळचे आहे. हे साम्य आम्ही केवळ उपमेपुरते मांडतो. रसविचाराला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मिळवून देण्याचा आमचा हेतू नाही.

हा इशारा आवश्यक आहे, कारण असा मोह भल्याभल्यांना झाला आहे. १९६८ मध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीवर झाकोब, भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन, मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस आणि जनुकशास्त्रज्ञ फिलिप लेरित्ये यांची चर्चा झाली. स्वतः निरर्थक असलेल्या मोजक्या घटकांपासून सार्थ एकके आणि त्यांपासून अगणित वाक्ये, ही रचना भाषा आणि जनुक या दोन्हींत सारखी आहे. हे साम्य याकोब्सनला योगायोगापलीकडचे वाटत होते. झाकोब सावध राहिला. भाषेच्या नमुन्याचा जीवशास्त्राला उपयोग किती आणि त्याची मर्यादा कोणती, याची चिकित्सा त्याने १९७४ मध्ये स्वतंत्र लेखात केली. १९७७ मध्ये तर त्याने उत्क्रांतीसाठी वेगळेच रूपक सुचवले : निसर्ग हा ग्रंथकार नाही, अभियंताही नाही, तो हाताला येईल ते जोडून काम भागवणारा जुगाडू कारागीर आहे. मूळ फ्रेंच शब्द लेव्ही-स्त्रोसने संरचनावादी विचारात रूढ केलेला होता, हे समीक्षेच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

४. विषाणूंचे पाखंड

१९५७ मध्ये एका व्याख्यानात क्रिकने 'मध्यवर्ती सिद्धान्त' मांडला. त्यासाठी त्याने इंग्रजीत जो शब्द वापरला, तो धर्ममताचा, म्हणजे ज्यावर शंका घ्यायची नाही अशा वचनाचा आहे. त्या शब्दाचा रूढ अर्थ त्याला नीट ठाऊक नव्हता, असे त्याने पुढे आत्मकथनात नमूद केले. सिद्धान्त इतकाच होता, की माहिती एकदा प्रथिनात उतरली की परत बाहेर पडत नाही. पण पाठ्यपुस्तकांत त्याचे सोपे सूत्र झाले : डीएनएतून आरएनए, आरएनएतून प्रथिन; प्रवाह एकाच दिशेचा.

१९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की काही विषाणूंजवळ आरएनएवरून डीएनए लिहिणारे विकर असते. टेमिन ही शक्यता १९६० च्या दशकापासून मांडत होता आणि त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नव्हते. नकलेवरून मूळ प्रत तयार करून ती यजमानाच्या पोथीत शिवून टाकणारा हा लेखनिक! क्रिकने लगेच खुलासा केला, की मूळ सिद्धान्त अबाधित आहे, कारण प्रथिनातून परत येण्याची वाट बंदच आहे. तर्कदृष्ट्या तो बरोबर होता. पाठ्यपुस्तकातले सूत्र मात्र कायमचे मोडले.

दुसरा धक्का आणखी रंजक आहे. फ्रेडरिक सँगरच्या केंब्रिज येथील गटाने १९७७ मध्ये फाय-एक्स १७४ या चिमुकल्या विषाणूचा सुमारे ५,४०० अक्षरांचा मजकूर वाचला. इतक्या अक्षरांत त्याची सारी प्रथिने मावत नव्हती. खुलासा असा, की एकाच अक्षरमाळेत दोन जनुके एकमेकांवर बसली आहेत : एका जागेपासून तीन-तीन मोजत वाचले तर एक प्रथिन, एक घर सरकून वाचले तर दुसरे. आपल्याकडे याला नाव आहे, सभंग श्लेष. पद वेगळ्या जागी तोडले की वेगळा अर्थ. पंडित कवी ज्या कसरतीसाठी शब्दकोश पालथे घालत, ती हा विषाणू जागेच्या टंचाईपोटी करतो. करोना विषाणूही याच्याच जवळचा खेळ करतो : त्याच्या मजकुरात एका ठिकाणी रायबोसोम एक अक्षर मागे घसरतो आणि त्यामुळेच पुढचा मोठा भाग वाचला जातो.

तिसरा धक्काही १९७७ चाच. अ‍ॅडिनोविषाणूचा अभ्यास करताना फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना आढळले, की जनुक सलग नसते. मध्ये लांबलचक तुकडे असतात, ते प्रतिलेखनानंतर कापून टाकले जातात आणि उरलेले जोडले जातात. पेशी वाचण्यापूर्वी संपादन करते, आणि तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून एकाच जनुकातून अनेक प्रथिनेही घडवते. संकेत सर्वत्र एकच आहे, या समजालाही १९७९ मध्ये तडा गेला : मानवी पेशीतील मायटोकाँड्रियात पूर्णविरामाचे एक त्रिक ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे निघाले. प्रमाणभाषेलाही बोली असतातच.

५. पुण्यातील दोन संस्था

पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे आणि राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थाही आहे. पहिल्या संस्थेत १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले, वि. स. सुखठणकरांनी संपादित केलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि संपूर्ण संहिता १९६६ मध्ये हाती आली. दुसरी संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झाली आणि १९७८ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात उद्भवलेल्या तापाचा विषाणू तिनेच शोधला. या दोन वास्तूंत चालणारे काम पद्धतीच्या दृष्टीने सख्ख्या भावंडांसारखे आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

पाठचिकित्सेचे मूलतत्त्व असे : दोन हस्तलिखितांत समान चूक असेल, तर बहुधा ती दोन्ही एका पूर्वजाची अपत्ये असतात. बरोबर पाठ कोठेही जुळू शकतो. नाते सिद्ध करते ती चूक. विषाणूंची वंशावळ याच तत्त्वावर उभी आहे. जानेवारी २०२० मध्ये नव्या करोना विषाणूचा सुमारे ३०,००० अक्षरांचा मजकूर जगापुढे आला. त्याच वर्षी पुण्याच्या संस्थेने केरळमधील पहिल्या रुग्णांच्या नमुन्यांतील विषाणूचे क्रम प्रसिद्ध केले. पुढे जगभर लाखो 'प्रती' वाचल्या गेल्या आणि समान बदलांवरून त्यांच्या शाखा ठरवल्या गेल्या. २०२१ च्या प्रारंभी महाराष्ट्रातील नमुन्यांत लक्षणीय प्रमाणात दिसू लागलेल्या बी.१.६१७ या शाखेच्या एका उपशाखेला ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने 'डेल्टा' हे नाव दिले. वृत्तपत्रे ज्याला 'उपप्रकार' म्हणत होती, त्याला पाठचिकित्सक 'पाठभेद' म्हणाला असता.

हे केवळ शब्दसाम्य नाही. १९९८ मध्ये 'नेचर'मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील एका भागाच्या हस्तलिखितांची वंशावळ जीवशास्त्रज्ञांच्या संगणकप्रणालीने मांडली होती. अडचणीही सारख्याच आहेत. एखाद्या लेखनिकाने दोन पोथ्या पुढे ठेवून नक्कल केली की वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंततात. महाभारताच्या प्रतींत हा संकर किती खोल आहे, हे सुखठणकरांच्या प्रस्तावनेत दिसते. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले की त्यांच्या मजकुरांचाही असाच संकर होतो. आणि लेखनिकांत जसे दक्ष आणि बेफिकीर असतात, तसे विषाणूंतही : इन्फ्लुएन्झाच्या विषाणूजवळ मुद्रितशोधनाची व्यवस्था नाही, करोना विषाणूजवळ आहे. एवढा लांब मजकूर तो सांभाळू शकतो, याचे एक कारण हेच मानले जाते.

६. प्रक्षेपांचे मोल

चिकित्सक आवृत्तीचा अभ्यासक प्रक्षेप वेगळे काढतो. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा भांडारकरच्या आवृत्तीत मूळ संहितेत नाही; ती परिशिष्टात आहे. पण मराठी मनाला महाभारताच्या लेखनाविषयी एकच गोष्ट ठाऊक असेल, तर ती हीच. प्रक्षेप म्हणून वगळलेला भाग परंपरेच्या दृष्टीने केंद्रस्थानी असू शकतो.

मानवी जनुकसंचयाचा सुमारे आठ टक्के भाग हा प्राचीन काळी आपल्या पूर्वजांच्या पोथीत शिवल्या गेलेल्या विषाणूंचा अवशेष आहे. त्यातील बहुतेक मजकूर झिजून निरर्थक झाला आहे. परंतु २००० मध्ये संशोधकांनी दाखवले, की गर्भवेष्टनाच्या, म्हणजे वारेच्या बाह्य थरात पेशी एकमेकींत विलीन करणारे 'सिन्सिटिन' हे प्रथिन अशाच एका विषाणूच्या कवचाच्या जनुकातून घडते. यजमानाच्या पेशीशी जुळून आत शिरण्यासाठी विषाणूने घडवलेले हत्यार आज आईच्या रक्तातून गर्भाला अन्न पोचवणाऱ्या रचनेत काम करते. प्रक्षेप गाळून 'शुद्ध' मूळ प्रत काढायची ठरवली, तर जन्मालाच खीळ बसेल!

७. खाण तशी माती?

२६ जून २००० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासस्थानी मानवी जनुकसंचयाचा कच्चा मसुदा जाहीर झाला, तेव्हा ईश्वराने ज्या भाषेत जीवन निर्मिले ती भाषा आपण शिकत आहोत, अशा आशयाचे उद्गार अध्यक्ष क्लिंटन यांनी काढले. वैज्ञानिक रूपक येथे पुन्हा धर्मग्रंथाकडे परतले. प्रत्यक्षात ३०० कोटींहून अधिक अक्षरांच्या त्या मजकुरातील काही भाग वाचायचे राहून गेले होते, ते २०२२ मध्ये पूर्ण झाले. आणि प्रथिनांचा संकेत असलेली जनुके सुमारे वीस हजारच निघाली. आकड्यांनी ग्रंथाचा गर्व उतरवला.

आमच्या दृष्टीने खरा प्रश्न येथे आहे. अलीकडे मराठी भाषणांत, अग्रलेखांत आणि समीक्षेतही 'हे त्यांच्या डीएनएमध्येच आहे' असे वाक्य सर्रास येते. एखाद्या समाजाच्या, पक्षाच्या, घराण्याच्या वा लेखकाच्या 'डीएनए'बद्दल बोलले जाते. 'रक्तातच आहे' आणि 'खाण तशी माती' या जुन्या उक्तींनाच हा नवा, वैज्ञानिक वाटणारा पोशाख आहे. ज्या समाजाने माणसाची किंमत शतकानुशतके जन्मावरून ठरवली, त्या समाजात हे रूपक निरुपद्रवी राहत नाही. जे बदलता येत नाही ते लिहून ठेवलेलेच आहे, असा त्याचा ध्वन्यर्थ असतो. आणि ललाटरेषेवरील श्रद्धा सुटलेल्या सुशिक्षितालाही तो सहज पटतो.

परंतु ज्या विज्ञानाचा हवाला दिला जातो, त्याचा इतिहास नेमके उलटे सांगतो. मजकूर एक असला तरी वाचन वेगळे होते, हे झाकोब आणि मोनो यांनी दाखवले. एकाच अक्षरमाळेतून दोन अर्थ निघतात, वाचण्यापूर्वी संपादन होते, नकलेवरून मूळ प्रत लिहिली जाते आणि परक्याचा मजकूर घरचा होतो, हे विषाणूंनी दाखवले. नक्कल करणारी, वाचणारी आणि दुरुस्त करणारी यंत्रणाही त्याच मजकुरातून घडते, त्यामुळे ग्रंथ आणि वाचक वेगळे काढणेही येथे कठीण. 'डीएनएमध्येच आहे' हे वाक्य म्हणूनच साहित्याच्या वर्गात तपासायला घ्यावे, असे आम्ही सुचवतो. विद्यार्थ्यांना विचारावे : येथे मुख्यार्थ कोणता, बाध कोठे येतो, आणि वक्त्याचे प्रयोजन काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे जीवशास्त्राच्या सहकाऱ्याला विचारून मिळतील. तिसऱ्याचे उत्तर शोधणे हे आपले काम आहे, आणि ते दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही.